साडेतीन वर्षांचा मुलगा, बालवाडीच्या ताई आणि 'स्क्रीनिंग' : करून घ्यावं की थांबावं?

ओलीमाती
नमस्कार. आजवर इथे नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. चार महिन्यांपासून बालवाडीत जातो. मागच्या आठवड्यात सुटायच्या वेळी त्याच्या ताईंनी मला बाजूला घेतलं. "रागावणार नसाल तर एक सांगू?" अशी सुरुवात झाली की पोटात गोळा येतोच. त्यांचं म्हणणं असं : गोष्टीच्या वेळी तो गोलात बसत नाही, खिडकीपाशी जाऊन गाड्यांची रांग लावतो. हाक मारली की कधी वळतो, कधी वळत नाही. "दप्तर घ्या आणि दाराशी उभे राहा" असं सांगितलं की आधी बाकीच्या पोरांकडे बघतो आणि त्यांच्या मागून तेच करतो. बोलतो भरपूर, पण शब्दांची शेपटं खातो. मला सगळं कळतं, ताईंना निम्मंच.

"एकदा विकासाचं स्क्रीनिंग करून घ्या" एवढंच त्या म्हणाल्या. ऑटिझम (स्वमग्नता) वगैरे शब्द त्यांनी काढला नाही. तो मीच काढला, मनातल्या मनात, घरी पोचेपर्यंत.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "याचा बाप चार वर्षांचा होईस्तोवर घुम्यासारखा होता. आता बघतेस ना?" नवऱ्याचं मत, शाळेला सगळी मुलं एका साच्यातली हवी असतात. दोन वर्षांचा असताना डॉक्टरांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "मुलगे उशिरा बोलतात, घरात दोन भाषा आहेत, थांबू या." थांबलो. कधीपर्यंत ते ना त्यांनी सांगितलं ना आम्ही विचारलं.

परवा रात्री दोन वाजता मोबाइलवर वीस प्रश्नांची एक चाचणी भरली. पाच गुण आले, 'मध्यम धोका'. तेव्हापासून झोप नाही.

स्क्रीनिंगमध्ये करतात काय? एकदा केलं की मुलावर शिक्का बसतो का? आणि अजून सहा महिने थांबलो तर काय बिघडेल?

पिंपळगाठ
ती वीस प्रश्नांची चाचणी म्हणजे बहुधा 'एम-चॅट', ऑटिझमची चाळणी. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. तुमचा मुलगा ४२ महिन्यांचा! लहान मुलाच्या झबल्याचं माप मोठ्याला लावून 'अंगाला घट्ट होतंय' म्हणण्यासारखं झालं. ते पाच गुण आधी डोक्यातून काढा.

आणि बरोबर वयात भरली तरी ३ ते ७ गुण आले की लगेच निकाल नसतो. चुकलेले प्रश्न घेऊन पालकांना पुन्हा सविस्तर विचारतात, 'म्हणजे नेमकं काय करतो? उदाहरण सांगा'. त्या दुसऱ्या फेरीत बरीच मुलं यादीतून बाहेर पडतात. मोबाइलवर ती दुसरी फेरी कोणी घेत नाही, म्हणून रात्री दोनला लोकांची झोप उडते.

आखूडशिंगी
वाचतोय. आमच्याकडेही असाच प्रसंग आहे.

जुनं_घड्याळ
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही सहा भावंडं. कोण कधी चाललं आणि कोण कधी बोललं याची नोंद कोणी ठेवली नव्हती. सगळे धडपणे मोठे झाले. हल्ली पोर जरा वेगळं वागलं की तपासणी! त्याला मोठं होऊ द्या.

उशिराचा_पाऊस
@जुनं_घड्याळ, सगळे धडपणे मोठे झाले असतील तर आनंद आहे. आमच्याही घरात एक काका होते. 'जरा विचित्र', 'माणूसघाणा' म्हणत सगळे. आज माझ्या मुलीच्या ऑटिझमच्या निदानानंतर मागे वळून बघते तेव्हा काका लख्ख दिसतात. नोंद कोणी ठेवली नाही म्हणजे काही नव्हतं असं नाही हो.

माझी मुलगी पाचव्या वर्षी सापडली. शब्द भरपूर, पाठांतर जबरदस्त, त्यामुळे सगळे खूष. पण ती प्रश्न विचारायची नाही. तीन वर्षांचं पोर दिवसभर 'हे काय, ते का' करून जीव खातं, आमचं कधी खायचं नाही. मी ते गुणी बाळाचं लक्षण समजत होते.

सावलीतला_बाक
मी स्पीच थेरपिस्ट आहे, माझा बहुतेक दिवस याच वयाच्या मुलांबरोबर जातो. इथे कुणाचं निदान करणार नाही, करूही नये. फक्त धागालेखिकेच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

स्क्रीनिंग ही चाळणी आहे. कुणाकडे नीट बघायला हवं एवढंच ती सांगते. मुलाला काय झालंय हे सांगायचं काम तिचं नाही, त्यासाठी सविस्तर तपासणी वेगळी असते आणि ती दोन-तीन भेटी चालते. शिक्का वगैरे प्रकार चाळणीत होत नाही.

या वयाला बरेच ठिकाणी 'एएसक्यू' नावाची प्रश्नावली वापरतात. एक महिन्यापासून साडेपाच वर्षांपर्यंत वयवार २१ वेगवेगळ्या प्रश्नावल्या आहेत. प्रत्येकीत ३० प्रश्न : बोलणं-समजणं, मोठ्या हालचाली, हातांची कामं, कोडी सोडवणं आणि लोकांत वावरणं अशा पाच भागांत सहा-सहा. ती पालक भरतात. 'हो', 'कधी कधी' आणि 'अजून नाही' असे तीन पर्याय, १०, ५ आणि ० गुण. प्रत्येक भागाची मर्यादारेषा वेगळी, सगळ्याची बेरीज करून टक्केवारी काढत नाहीत. घरी मुलाबरोबर खेळत खेळत भरायची असते. 'करेल बहुतेक' असं वाटून हो लिहू नका, समोर ठोकळे ठेवून बघा.

दोन भाषांबद्दल : दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. शब्द मोजताना दोन्हीकडचे मिळून मोजायचे. दोन्ही भाषांत अडत असेल तर भाषांकडे बोट दाखवून गप्प बसू नये. आणि कृपा करून घरातली एक भाषा बंद करू नका. हा सल्ला अजूनही दिला जातो आणि आजी-नातवाचं बोलणं तुटतं.

आता माझे प्रश्न. त्याला सर्दी वारंवार होते का? तोंड उघडं टाकून झोपतो का, घोरतो का? टीव्हीचा आवाज वाढवून मागतो का? तो पाठमोरा, हातात आवडतं खेळणं नाही, खोलीत शांतता आहे, अशा वेळी हळू आवाजात हाक मारली तर वळतो का?

ओलीमाती
@सावलीतला_बाक, किती नीट सांगितलंत. 'अजून नाही' हा पर्याय वाचूनच जरा हायसं वाटलं.

सर्दी : महिन्यातून एकदा तरी. घोरतो, आम्ही त्याला गमतीने इंजिन म्हणतो. टीव्हीचा आवाज तोच ठरवतो. हाकेचं काल रात्री करून बघितलं. तीनदा मारली, एकदा वळला. चौथ्यांदा खांद्याला हात लावला तर दचकला.

पण जन्मल्यावर दवाखान्यात कानाची तपासणी झाली होती आणि ती व्यवस्थित होती. म्हणजे कान सुटला ना यादीतून?

सावलीतला_बाक
नाही सुटला. जन्मावेळची तपासणी त्या दिवशीचा कान सांगते. नंतर पडद्यामागे पाणी साठू शकतं, त्याला 'ग्लू इअर' म्हणतात. शाळेच्या वयापर्यंत बहुतेक मुलांना एकदा तरी होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. काहींचं मुक्काम ठोकतं. दुखत नाही, ताप नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. ऐकू येतं, पण कानात बोटं घातल्यासारखं. शब्दांच्या शेवटचे बारीक आवाज आधी हरवतात. 'शेपटं खातो' असं तुम्ही लिहिलंत, म्हणून विचारलं.

असेलच असं नाही. पण बोलण्याची शंका आली की पहिली पायरी कान. तीन वर्षांवरच्या मुलाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, खेळातून करतात, सोपी असते.

अंशछेद
थोडा विरोधी सूर लावतो. 'स्क्रीनिंग करून टाका, त्यात काय जातंय' हे वाक्य मला पटत नाही. जातं.

साधा हिशोब करू. १०० मुलं घ्या. त्यांतल्या १५ जणांना खरोखर काही अडचण आहे असं समजू (आकडा गणितापुरता). चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक धरा, विकासाच्या चाचण्यांत ७० ते ८० टक्के असलं तरी चांगलं मानतात. १५ पैकी १२ सापडली, ३ निसटली. उरलेल्या ८५ मधली १७ विनाकारण अडकली. म्हणजे २९ घरांत 'पुढे दाखवा' असा कागद गेला आणि त्यातल्या १७ घरांत काहीच नव्हतं. त्या १७ आयांच्या झोपेचं काय? थेरपीच्या रांगेत ती १७ मुलं उभी राहिली की खऱ्या गरजवंताचा नंबर मागे जातो, तेही आहेच.

हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. कॅनडाच्या प्रतिबंधक आरोग्याच्या तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये सांगितलं की एक ते चार वर्षांच्या, कुठलीही शंका नसलेल्या मुलांची सरसकट अशी चाळणी करू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र ९, १८ आणि ३० महिन्यांना सगळ्यांची करा म्हणते, ऑटिझमसाठी १८ आणि २४ महिन्यांना वेगळी. आणि अमेरिकेचाच दुसरा तज्ज्ञगट पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बोलण्याच्या सरसकट चाळणीबद्दल म्हणतो, बाजूने किंवा विरोधात सांगण्याइतका पुरावाच नाही. मोठमोठ्यांचं एकमत नाही तिथे आपण एका वाक्यात निकाल देऊ नये.

पिंपळगाठ
@अंशछेद, गणित चोख. पण 'कुठलीही शंका नसलेल्या' हे शब्द तुम्हीच लिहिलेत. इथे ताईंना शंका आहे, आईला शंका आहे, तीनदा हाक मारली तर मूल एकदाच वळतंय. मग हा सरसकट चाळणीचा प्रश्न उरतच नाही. रांगेतून हात वर केलेल्या मुलाला सगळ्यांच्या सरासरीत कशाला बसवता?

शिवाय ती १७ मुलं सगळीच 'काहीच नव्हतं' अशी नसतात. त्यातली बरीच काठावरची असतात. निदान होत नाही, पण घरी चार गोष्टी जास्त केल्या तर फायदा होतो अशी.

अंशछेद
मान्य. शंका असेल तर दाखवावंच. माझा रोख त्या 'काय जातंय'वर होता.

काचेची_बरणी
त्या १७ मधली एक मी. माझा मुलगा ३० महिन्यांचा असताना एका ठिकाणी एका बाईंनी पाच मिनिटांत कागद भरला, मान न वर करता म्हणाल्या, "पुढे दाखवा, लक्षणं आहेत." कसली लक्षणं ते नाही सांगितलं. पुढची वेळ मिळायला नऊ आठवडे लागले. ते नऊ आठवडे मी मुलाशी खेळले नाही, त्याला तपासत राहिले. बोट दाखवतोय का? डोळ्यांत बघतोय का? बॉल परत टाकतोय का? तोही चिडचिडा झाला. शेवटी सविस्तर तपासणीत सगळं वयानुसार निघालं.

त्या चाचणीवर माझा राग नाही, कागद हातात देण्याच्या पद्धतीवर आहे. दोन मिनिटं खुर्चीत बसवून 'दहातल्या निम्म्यांचं पुढे काही निघत नाही' एवढं कोणी सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

खडूफळा
मी बालवाडीत शिकवते. (या धाग्यातली ताई मी नव्हे!) पालकांना हे सांगणं किती जड जातं ते कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. मी एका आईला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगी यायची बंद झाली. त्यानंतर दोन वर्षं मी कुणालाच काही सांगितलं नाही. ते चुकलंच.

आता मी निष्कर्ष सांगतच नाही, फक्त दिसलं ते. 'लक्ष नसतं' म्हणायचं नाही. 'सोमवारी गोष्ट सुरू असताना चारदा उठला, मंगळवारी ताईच्या शेजारी बसवला तर एकदाच उठला' असं. आई मग भांडत नाही, घरचं सांगायला लागते.

आणि पालकांनो, मूल इतरांकडे बघून काम करतंय हे वर्गातच दिसतं. घरी एकटं असतं, तुम्ही खुणा करून बोलता, बोट दाखवता. त्याला ऐकायची गरजच पडत नाही. ओलीमातीच्या ताईंनी नेमकं तेच टिपलंय. त्यांना माझा नमस्कार सांगा.

गोगलगाय_दोन
अवांतर आहे, पण महत्त्वाचं. सगळे बोलण्यावरच अडकतात. मी फिजिओ आहे. तीन-चार वर्षांचं मूल जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत, अंगावर चढल्यासारखं उठत असेल, जिना चढताना कठड्याला लोंबत असेल, सारखं पडत असेल, पोटऱ्या फुगीर दिसत असतील, तर 'आळशी आहे' म्हणू नका. विशेषतः मुलगा असेल तर. रक्ताची सीके नावाची साधी तपासणी असते, डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. स्नायूंचा ड्युशेन आजार असाच वर्ष-दोन वर्षं 'जरा हळू आहे' म्हणून राहून जातो. येत असलेली गोष्ट मूल विसरायला लागलं, शब्द असो की चालणं, तर कुठल्याही वयात सहा महिने काय, सहा दिवस थांबू नये.

निळी_छत्री
डोळ्यांचं मी लिहिते. मुलगी चार वर्षांची, चित्रं रंगवायची, सुई उचलायची, काही म्हणता काही तक्रार नाही. शाळेतल्या तपासणीत डावा डोळा झाकला, छान ओळखलं सगळं. उजवा झाकला आणि तिने तपासणाऱ्या बाईंचा हात झटकला. त्यांनी पुन्हा झाकला, ही रडायला लागली. आम्हाला वाटलं कंटाळली. बाई म्हणाल्या, "कंटाळली नाही, तिला दिसेनासं झालं." डाव्या डोळ्याचा नंबर मोठा होता आणि मेंदूने तो डोळा वापरणं सोडून दिलं होतं. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. लहानपणी हे जितकं सुधारतं तितकं पुढे सुधारत नाही, म्हणून तीन ते पाच वर्षांत एकदा तरी एकेक डोळा झाकून बघाच. एकेक. दोन्ही उघडे ठेवून काही कळत नाही.

आखूडशिंगी
एक शंका. एका यादीत दोन वर्षांना ५० शब्द लिहिलेत, दुसरीत अडीच वर्षांना ५०. रांगण्याचं तर नवीन यादीत नावच नाही. खरं कुठलं?

सावलीतला_बाक
दोन्ही, आपापल्या जागी. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये आपली यादी बदलली. आधी त्या वयाला साधारण निम्मी मुलं जे करतात ते लिहायचे, आता ७५ टक्के किंवा जास्त मुलं करतात ते लिहितात. हेतू असा की यादीतलं एखादं येत नसेल तर पालकांनी 'येईल हळूहळू' न म्हणता विचारायला यावं. त्यात ५० शब्द ३० महिन्यांना लिहिलेत. आमच्या क्षेत्रात यावरून बरीच आदळआपट झाली. माझंही मत विरोधातच आहे. दोन वर्षांना दोन शब्द जोडत नसेल ('पाणी दे', 'बाबा गेला') तर मी बघते.

रांगण्याचं सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास केला त्यात ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालली. एकटं चालण्याची खिडकी त्यांनी ८.२ ते १७.६ महिने इतकी रुंद दिली आहे. शेजारचं मूल दहाव्या महिन्यात चाललं म्हणून तुमचं पंधराव्या महिन्यातलं मागे नाही. मूल वेळेआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे, तेही बरेच जण विसरतात.

ओलीमाती
तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. 'अंशछेद' वाचून तो खूष झाला, 'पिंपळगाठ' वाचून गप्प.

प्रश्नावली आम्ही दोघांनी वेगवेगळी भरली, ही युक्ती आमचीच. पाच ठिकाणी उत्तरं वेगळी आली. 'दोन गोष्टी एकत्र सांगितल्या तर करतो का' याला त्याने हो लिहिलं होतं, मी अजून नाही. मग करून बघितलं. "बूट कपाटात ठेव आणि पुस्तक आण." समोर उभा राहून, हातवारे करत सांगितलं तर दोन्ही केलं. तोंडावर वर्तमानपत्र धरून तेच सांगितलं तर नुसता बूट घेऊन उभा. नवऱ्याने काही न बोलता त्याचं हो खोडलं.

बोलण्याचा भाग रेषेखाली आला. लोकांत वावरण्याचा काठावर. बाकी तीन मस्त, कोडी सोडवण्यात तर पैकीच्या पैकी.

मग ऑडिओमेट्री. छोटी बंद खोली, कानावर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे हेडफोन. समोर डबा आणि लाकडी ठोकळे. ठोकळा गालाशी धरायचा, 'टू' ऐकू आलं की डब्यात टाकायचा. दोन मिनिटांत खेळ समजला. टाकत होता, हसत होता. मी मागे बसले होते, तिथून काचेपलीकडच्या बाईंचा बटणावरचा हात दिसायचा. हात दाबला, ठोकळा पडला. हात दाबला, ठोकळा पडला. मग हात दाबला आणि ठोकळा गालाशीच. पुन्हा दाबला. तो वाट बघत बसला होता, इतका शहाण्यासारखा, कान देऊन. मला वाटलं ओरडून सांगावं, अरे वाजलं, टाक.

दोन्ही कानांत ३५ डेसिबलच्या आसपास, म्हणजे आवाज तेवढा मोठा झाला तरच ऐकू येतो. दुसऱ्या चाचणीत (टिंपॅनोमेट्री, कानाचा पडदा नीट हलतो का ते बघतात) आलेखाला डोंगरासारखं टोक यायला हवं, आमची रेघ सपाट. पडद्यामागे पाणी. 'बाक' ताई, तुम्ही म्हणालात तसंच.

पण आता गंमत बघा. ईएनटी म्हणाले, "तीन महिने थांबू या. औषध नाही." सासूबाई वैतागल्या, एवढं शोधून काढलं आणि औषधसुद्धा नाही? मलाही तसंच वाटलं. पुन्हा थांबायचंच का?

सावलीतला_बाक
हे थांबणं वेगळं आहे. तो दोन वर्षांचा असतानाच्या थांबण्याला तारीख नव्हती, याला आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तीच चाचणी, आकड्याची आकड्याशी तुलना. बऱ्याच मुलांचं पाणी या काळात जातं, म्हणून घाई करत नाहीत. सर्दीच्या गोळ्या किंवा प्रतिजैविकांनी हे पाणी जात नाही, ती दिली नाहीत हे चांगलंच. नाही गेलं तर ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची बारीक नळी. साधारण सहा महिने ते वर्ष-दीड वर्षात ती बहुधा आपणच गळून पडते. घोरतो म्हणालात, तर ॲडिनॉइडचंही (नाकामागची गाठ) विचारा.

मधल्या काळात समोर बसून, चेहरा दिसेल असं बोला. आधी खांद्याला हात, मग वाक्य. टीव्ही बंद करून मग बोला. ताईंना सांगून गोलात त्यांच्या अगदी जवळ बसवा. स्पीच थेरपी आत्ता सुरू करायला हरकत नाही, कान मोकळा व्हायची वाट बघू नका.

एक अप्रिय पण सांगते. कान सापडला म्हणजे बाकी सगळं त्यातच जमा झालं असं धरू नका. गाड्यांच्या रांगा कानामुळे लागत नाहीत. त्या नुसत्या आवडीमुळेही असतील. लोकांत वावरण्याचा भाग काठावर आहे, तो सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

जुनं_घड्याळ
धागा पुन्हा वाचला. माझा धाकटा भाऊ वर्गात कायम शेवटच्या बाकावर, 'लक्ष नाही' म्हणून मार खायचा. आज साठीत कानाला यंत्र लावतो. डॉक्टर म्हणाले डाव्या कानाचा पडदा लहानपणापासूनच खराब असावा. कालच फोन करून विचारलं, तुला तेव्हा ऐकू यायचं का रे? म्हणाला, "मला काय माहीत, सगळ्यांना तेवढंच येतं असं वाटायचं."

खडूफळा
घड्याळकाका, __/\__

ओलीमाती
साडेतीन महिने झाले, शेवटचं लिहून जाते. उजवा कान मोकळा, आलेखाला टोक आलं. डाव्यात अजून पाणी आहे. ग्रोमेटचं दोन आठवड्यांनी ठरेल, ॲडिनॉइड मोठं आहे, तेही त्याच वेळी बघतील. स्पीच थेरपीला आठवड्यातून दोनदा जातो. शब्दांची काही शेपटं परत आली आहेत, 'ट' आणि 'स' मात्र अजून रस्त्यातच सांडतात.

गोलात बसतो आता. हातात गाडी घेऊनच. ताई त्याच्या उजव्या बाजूला बसतात. रांगा लावणं चालूच आहे, आता रांगेतल्या पहिल्या गाडीला तो मधूनच काहीतरी सांगत असतो. डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनची (मुलांच्या विकासाचे डॉक्टर) वेळ पुढच्या महिन्यात आहे. नवऱ्यानेच घेतली.

आखूडशिंगी
अभिनंदन आणि शुभेच्छा. माझी मुलगी २६ महिन्यांची आहे, 'आई', 'दे' आणि 'नको' एवढंच बोलते. बाकी एकदम हुशार. वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

पिंपळगाठ
इथेच विचारा. पण आधी सांगा, बोट दाखवून वस्तू मागते का, आणि पाठमोरी असताना हाक मारून बघितलीत का?